नवाहो गोष्टींवरचं साहसाचं पुस्तक मुलांना वाचून दाखवायचंय? मग आधी हे करा

माझी लेक नऊ वर्षांची असताना शाळेच्या लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. आजच्या काळातली नवाहो, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळ जमातीतली पोरं, पाठीवर दप्तर, घरात टीव्ही, आणि अचानक जुन्या गोष्टींतले अक्राळविक्राळ प्राणी खरेच निघतात, मग पुढे धावपळ, कोडी, प्रवास असं सगळं. आम्ही अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहतो आणि आमच्या घरी रात्रीचं वाचन मराठीत होतं, म्हणजे पुस्तक इंग्लिश असलं तरी मी ते समोर धरून मराठीत सांगत जाते. पहिल्या दोन रात्री मी ते नेहमीच्या सवयीने सांगितलं, राक्षस आला, जादू झाली, चेटकीण भेटली. तिसऱ्या रात्री लेकीने विचारलं, "आई, ही माणसं अजून आहेत का गं?" ती माणसं आमच्या घरापासून गाडीने चार-पाच तासांवर राहतात, आणि मी दोन रात्री तिला ते कुठल्यातरी आटपाट नगरातले असल्यासारखं सांगत होते. मला फार वाईट वाटलं त्या रात्री. मग पुस्तक बाजूला ठेवलं, आठवडाभर स्वतः वाचलं, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. त्यातून जे जमलं ते इथे लिहितेय, कारण अशी पुस्तकं आता बरीच निघताहेत आणि अमेरिकेतल्याच काय, पुण्या-मुंबईतल्या मराठी घरांतही पोरं ती वाचतात.

तर सगळ्यात आधी, पुस्तक उघडायच्या आधी, जमिनीवर नकाशा करा. मोठा कागद घ्या, नसेल तर खडूने फरशीवर. नवाहो लोक स्वतःला 'डिने' म्हणतात, म्हणजे लोक, माणसं, आणि त्यांची भूमी चार पवित्र डोंगरांच्या मधली. पूर्वेला सिस्नाजिनी, नकाशावर त्याचं नाव ब्लँका पीक, कोलोराडोत. दक्षिणेला त्सोडझिल म्हणजे माउंट टेलर, न्यू मेक्सिकोत. पश्चिमेला डोकोओस्लीड, म्हणजे आमच्या ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफजवळचे सॅन फ्रान्सिस्को पीक्स. उत्तरेला डिबे नित्सा, म्हणजे हेस्पेरस, तोही कोलोराडोत. प्रत्येकाला रंग आहे, पूर्व पांढरी कारण पहाट, दक्षिण निळी कारण भर दिवस, पश्चिम पिवळी कारण संध्याकाळ, उत्तर काळी कारण रात्र. आणि प्रत्येकाचं रत्न, पांढरा शिंपला, फिरोजा, ॲबलोनी शिंपला आणि जेट नावाचा काळा दगड. मुलांना हे पाठ करायला लावू नका, नुसते चार रंगाचे खडू द्या आणि रंगवायला सांगा, आपोआप डोक्यात बसतं. सुरुवात मात्र पूर्वेपासून करा, मग दक्षिण, पश्चिम, उत्तर, म्हणजे आपण प्रदक्षिणा घालतो त्याच दिशेने. डिनेंच्या पारंपरिक घराला, होगनला, दार पूर्वेकडे असतं आणि आत गेल्यावर फिरायचं ते पण असंच. आमच्या लेकीला हे एका मिनिटात कळलं कारण देवळात उलटं फिरलं की आजी ओरडते हे तिला माहीत आहे. नंतर पुस्तकात कुठलीही गोष्ट चार वेळा घडली, चार रंग आले, कोणी पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं, की ती स्वतःच थांबवायची, "आई, हे बघ."

याच वेळी आकडे सांगून टाका. आजचं नवाहो नेशन ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत पसरलंय, साधारण ७१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाला थोडं कमी. राजधानी विंडो रॉक. नोंदणी असलेले लोक ४ लाखांच्या आसपास. स्वतःचं सरकार, स्वतःचे पोलीस, स्वतःचं वर्तमानपत्र, १९६८ साली सुरू झालेलं स्वतःचं कॉलेज. एवढं सांगितलं की 'ही माणसं अजून आहेत का' हा प्रश्न मिटतो आणि पोरं पुस्तकातल्या मुलांना शेजारच्या घरातली मुलं समजून ऐकायला लागतात.

आता भाषेचं. माझं सगळ्यात जास्त डोकं इथे गेलं. या गोष्टींमध्ये एक फार महत्त्वाची व्यक्ती आहे, इंग्लिशमध्ये तिला स्पायडर वुमन म्हणतात. मराठीत मी पहिल्या रात्री पटकन 'कोळीण' म्हणून मोकळी झाले आणि लेकीच्या डोळ्यासमोर नऊवारी नेसलेली, डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेतलेली मावशी उभी राहिली, तिने तसं चित्रपण काढलं. मग आठवलं की आमच्या गावाकडे कोळ्याला 'कातीण' म्हणतात, जी सूत कातते ती. आणि ही कोण, तर डिने लोकांना विणायला शिकवणारी! त्यामुळे आमच्या घरात ती 'कातीणआजी' झाली आणि शब्द इतका चपखल बसला की मला आजही त्याचा आनंद होतो. तुमच्या बोलीत कोळ्याला दुसरा शब्द असेल तर तो वापरा, पण वापरण्याआधी मुलाला विचारा की तुला काय दिसलं. दिसतंय ते चुकीचं असेल तर शब्द बदला.

'मॉन्स्टर'ला राक्षस म्हणू नका असं माझं मत आहे. राक्षस म्हटलं की आपल्या पोरांना लगेच रावण, कुंभकर्ण, मिश्या, मुकुट दिसतो. डिने शब्द आहे 'नायेए', आणि तो जाणती माणसं अशी उलगडून सांगतात की जे माणसाच्या चांगल्या जगण्याच्या वाटेत आडवं येतं ते. मी सरळ नायेएच म्हणायला लागले आणि पहिल्यांदा एकदा अर्थ सांगितला. 'होली पीपल'ना देव म्हणू नका, मी 'दैवी लोक' म्हणते, कारण ते आपल्या देवांसारखे देव्हाऱ्यात बसत नाहीत. 'होझो' या शब्दाचं भाषांतर करूच नका. त्यात सौंदर्य आहे, समतोल आहे, सगळं जिथल्या तिथे असणं आहे, एका मराठी शब्दात ते मावत नाही, पुस्तक संपेपर्यंत मुलांना आपोआप कळतं. आणि कोल्ह्याला, म्हणजे कायोटीला, डिने भाषेत जो शब्द आहे तो ऐकायला जवळजवळ आपल्या 'माई'सारखा लागतो, हे सांगितलंत तर पोरं तो शब्द जन्मभर विसरणार नाहीत. उच्चारांचा अट्टाहास नको पण प्रयत्न हवा, डिने लोकांनी स्वतः बोललेले व्हिडिओ आहेत भरपूर, संध्याकाळी दोन-चार नावं ऐका आणि मग रात्री वाचा. 'याअतेह' म्हणजे नमस्कार, 'अहेहे' म्हणजे आभार, एवढं तर आलंच पाहिजे.

पुढची पायरी म्हणजे मूळ गोष्ट तुम्हाला स्वतःला माहीत पाहिजे. फँटसी पुस्तकं ती माहीत असल्यासारखी धरून चालतात किंवा घाईत सांगून टाकतात. मी थोडक्यात सांगते, पण लक्षात ठेवा की घराण्यागणिक आणि सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, आपल्या कहाण्यांसारखंच. त्यामुळे पुस्तकात वेगळं दिसलं तर मुलांना 'हे चूक आहे' असं सांगू नका.

तर माणसं या जगात खालच्या जगांमधून वर आली, एकातून दुसऱ्यात, शेवटी एका पोकळ बोरूतून चढून इथे. इथे आल्यावर नायेए माजले होते, माणसं खात होते. तेव्हा एका डोंगरावर एक तान्ही मुलगी सापडली, ती मोठी झाली, ती अस्झां नाद्लेहे, बदलणारी स्त्री, जी ऋतूंसारखी म्हातारी होते आणि पुन्हा तरुण होते. डिने लोकांना सगळ्यात जवळची तीच. तिचे जुळे मुलगे, नायेए नेझ्घानी म्हणजे नायेएंना मारणारा, आणि तोबाजिश्चिनी म्हणजे पाण्यासाठी जन्मलेला. मुलं विचारत राहतात की आमचा बाप कोण, आई सांगत नाही, मग ते निघतातच. वाटेत जमिनीतल्या एका भोकातून धूर येताना दिसतो, आत कातीणआजी. ती त्यांना पिसं देते आणि पुढच्या धोक्यांना काय म्हणायचं ते शिकवते. मग वाटेत अंगावर मिटणारे खडक, कापणारे बोरू, टोचणारे निवडुंग, उकळती वाळू. निल्ची म्हणजे वारा त्यांच्या कानात कुजबुजून काय करायचं ते सांगतो. शेवटी सूर्याच्या घरी पोचतात आणि सूर्य काही लगेच पोटाशी धरत नाही, हे खरंच माझे आहेत का म्हणून परीक्षांवर परीक्षा घेतो. सगळ्यांतून तरले की मग चकमकीच्या दगडाचं चिलखत आणि विजेचे बाण देतो.

इथे आपलं मराठी पोर उडी मारून 'कर्ण!' म्हणणार, माझीने तेच केलं. सूर्याचा मुलगा, चिलखत, बापाचा पत्ता नाही. मी आधी तुलना थांबवणार होते, पण थांबवू नका, उलट फरक शोधायला लावा. कर्णाला कवच जन्मतःच मिळालं, यांना चालत जाऊन, सोसून मिळवावं लागलं. कर्ण एकटा होता, हे दोघं आहेत. आणि यांना आई आहे, घरी वाट बघणारी. मग मी तिला पुढचं सांगितलं, की सगळ्यात मोठा नायेए येईत्सो, तो पण सूर्याचाच मुलगा होता, म्हणजे यांचा भाऊ, आणि सूर्य म्हणाला की पहिला घाव मी घालीन. ती बराच वेळ गप्प बसली. कर्णाच्या गोष्टीत पण भाऊच होते ना, एवढंच म्हणाली.

येईत्सोला मारलं ते माउंट टेलरच्या पायथ्याशी, त्याचं रक्त वाहिलं आणि गोठलं. ग्रँट्स गावाजवळ तो काळा कातळ मैलोन् मैल पसरलेला आज दिसतो, हायवेवरून दिसतो, भूगर्भवाले त्याला लाव्हा म्हणतात. सह्याद्रीतल्या पोरांना काळा कातळ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मग शिपरॉक, डिने नाव 'त्से बिताई', पंखवाला खडक, सपाट माळावरून साधारण ४८० मीटर वर उठलेला, तिथे माणसं उचलून नेणाऱ्या महाकाय पक्ष्यांचं घरटं होतं. मोठ्या पक्ष्यांना मारलं पण पिल्लांना मारलं नाही, एकाचा गरुड झाला आणि एकाचं घुबड. शिंगवाल्या नायेएच्या वेळी बिळात राहणारा छोटासा गोफर मदतीला आला, त्याने खालून बोगदा खणून दिला. लहान मुलांना हा भाग सगळ्यात आवडतो, तिथे वेळ काढा.

आणि शेवट. माझ्या मते सगळ्या गोष्टीचा प्राण इथे आहे आणि साहसाच्या पुस्तकांत नेमका हाच भाग लढाईच्या धुराळ्यात हरवतो. सगळे मारून झाल्यावर चार उरतात. म्हातारपण, थंडी, गरिबी आणि भूक. नायेए नेझ्घानी त्यांना मारायला जातो आणि ते प्रत्येक जण आपली बाजू मांडतात. थंडी म्हणते मला मारलंस तर कायम उन्हाळा राहील, झरे आटतील. भूक म्हणते मी नसले तर जेवणाची चवच जाईल. गरिबी म्हणते जुने कपडे फाटलेच नाहीत तर नवीन कोण शिवेल. म्हातारपण म्हणतं की मी नाही तर पोरं मोठी होणार नाहीत. आणि तो चौघांनाही सोडून देतो. फिनिक्समध्ये जुलैत ४५ डिग्रीला लेक स्वतःहून म्हणाली होती, "बरं झालं थंडीला सोडलं." पुस्तकात हा भाग असो नसो, तुम्ही एक रात्र यासाठी ठेवाच. आणि विचारा, तू असतीस तर कोणाला सोडलं असतंस. आमच्याकडे गृहपाठ या नायेएवर बराच वाद झाला, शेवटी तिने त्याला अर्धवट जिवंत सोडला.

प्रत्यक्ष वाचताना दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या जवळ ठेवा. परंपरेतून आलेलं दिसलं की एक रंग, लेखकाने स्वतः रचलेलं दिसलं की दुसरा. पिवळ्या चिठ्ठीला हे डिने लोकांचं, गुलाबीला हे पुस्तकाचं, असं आम्ही ठरवलं होतं. काही चिठ्ठ्या दोनतीनदा बदलाव्या लागल्या, चालतं. यामुळे दोन गोष्टी होतात, एक म्हणजे पोरांना पुस्तक लिहिणं म्हणजे काय ते कळतं, आणि दुसरं म्हणजे गुंडाने बोललेलं वाक्य 'नवाहो लोक असं मानतात' म्हणून ती शाळेत सांगत फिरत नाहीत. दहाच्या वरच्या मुलांशी हेपण बोला की पवित्र गोष्टी करमणुकीच्या पुस्तकांत वापरायच्या की नाही यावर डिने लोकांमध्येच एकमत नाही, काहींना आपली मुलं हिरो झालेली बघून आनंद होतो, काहींना मनापासून दुखतं. आपल्याकडे पंढरीच्या विठोबाला घेऊन कोणी परदेशात मारामारीचा कॉमिक काढला तर घरात काय चर्चा होईल ते आठवा.

आता काय करू नये. हे जरा कडक वाटेल पण मला ते महत्त्वाचं वाटतं.

वाळूची चित्रं कॉपी करू नका. आपल्याला रांगोळीची सवय, त्यामुळे पुस्तकात वाळूच्या चित्राचा उल्लेख आला की हात शिवशिवतात, माझेही शिवशिवले. पण ती चित्रं आजारी माणसाला बरं करण्याच्या विधीचा भाग असतात, जाणता वैदू, हाताली, ती काढतो आणि विधी झाला की ती मोडली जातात. विकायला जी असतात त्यांत मुद्दाम बदल केलेले असतात. मुलांना रांगोळीच काढायची असेल तर त्यांनी नकाशातले डोंगर काढावेत, कातीणआजीचं जाळं काढावं, दैवी लोकांच्या आकृत्या काढू नयेत. मुखवटे, पिसांचे टोप, तंबूसारखी टीपी, ड्रीमकॅचर, यातलं काही करायचं नाही, आणि शेवटचे तीन तर डिनेंचे मुळात नाहीतच, टीपी आणि ते टोप मैदानी टोळ्यांचे, ड्रीमकॅचर ओजिब्वे लोकांचं. प्रार्थना आणि गाणी पुस्तकात छापलेली असली तरी मी ती मोठ्याने म्हणत नाही, 'इथे ते प्रार्थना करतात' एवढंच सांगते.

आणि इंटरनेटवर नवाहो म्हणून शोधलंत की रूप बदलणाऱ्या वाईट शक्तींचे भुताचे व्हिडिओ धडाधड समोर येतात. डिने घरांत त्या विषयावर बोलत नाहीत, नाव घेत नाहीत. मुलांच्या हातात फोन देण्याआधी हे सांगा. माझ्या लेकीने विचारलं की का नाही बोलायचं, मी म्हटलं आपण तिन्हीसांजेला काही नावं घेत नाही तसंच, तेवढं तिला पुरलं.

वेळ कोणती निवडायची हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं होतं पण खरं तर ते पहिलं ठरवायला हवं. कोल्ह्याच्या आणि इतर पुष्कळ गोष्टी डिने लोक फक्त हिवाळ्यात सांगतात, पहिल्या गोठवणाऱ्या थंडीपासून वसंतातली पहिली वीज गडगडेपर्यंत, साप आणि अस्वलं झोपलेली असताना. आपल्याला हे नवीन नाही. श्रावणातल्या कहाण्या कार्तिकात कोणी काढत नाही. छापील पुस्तकाला हा नियम लागू होतो असं कोणी तुम्हाला सांगणार नाही, पण पाळला तर गोष्टीला वजन येतं, पोरं वाट बघतात. आणि मी हेही थंडीतच लिहितेय. दोरा बोटांत गुंफून आकृत्या करायचा खेळसुद्धा तिकडे हिवाळ्यातलाच, कातीणआजीने शिकवलेला असं मानतात. ऐकताना चुळबुळ करणाऱ्या मुलांच्या हातात एक दोरा द्या, ती ऐकतातही आणि हातही चालतात.

नात्यांचा भाग सोडू नका, तो मराठी घरात वाचायला फार सोपा जातो. डिने माणूस ओळख करून देताना आधी आपली कुळं सांगतो, आईचं कुळ पहिलं, मूल त्याच कुळाचं, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. या सगळ्या नातेपणाला 'के' म्हणतात. अनोळखी माणूस कुळातला निघाला की तो त्याच क्षणी भाऊ, मामा, आजी होतो. आपण गाव आणि आडनाव विचारून चार मिनिटांत नातं काढतो, तसंच. आणि मावशीला तिकडे काय म्हणतात, तर 'शिमा याझी', लहान आई. माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. इंग्लिशमध्ये सगळ्या आंट्या एकाच मापाच्या, तिथे पुस्तकातली नाती पुसट होतात, मराठीत सांगताना ती पुन्हा उजळतात, म्हणून तर म्हणते की हे पुस्तक मराठीत सांगा. मुलांना स्वतःची ओळख अशीच चार बाजूंनी करून द्यायला सांगा, आईची बाजू आधी. बाळ पहिल्यांदा खुदकन हसतं तेव्हा ज्याने हसवलं त्याने जेवण द्यायचं आणि बाळाच्या हाताने पाहुण्यांना मीठ द्यायचं अशी पद्धत आहे, ही सांगितली की लहान भावंडं असलेल्या घरात दिवसभर गंमत चालते. पुस्तकात मुलगी वयात येतानाचा किनाल्डा विधी आला तर अडखळू नका. तो पहिल्यांदा बदलणाऱ्या स्त्रीसाठी झाला, मुलगी पहाटे पूर्वेकडे धावते, जमिनीत मक्याचा मोठा केक भाजतात, सगळं गाव आनंद करतं. आपल्याकडेही न्हाण आलं की गोडधोड व्हायचं, आता आपण कुजबुजतो.

इतिहास किती सांगायचा हे मुलाच्या वयावर. आठ-नऊच्या मुलांना एवढं सांगा की १८६४ साली अमेरिकन सैन्याने या लोकांना घरदार जाळून ३०० मैलांहून लांब, न्यू मेक्सिकोच्या पूर्व भागात चालवत नेलं, हजारो माणसं, वाटेत आणि तिथे पुष्कळ मेली, आणि १ जून १८६८ च्या करारानंतर ते परत चालत आपल्या डोंगरांमध्ये आले. चार डोंगरांचा नकाशा केला असेल तर परत येणं म्हणजे काय हे त्यांना दिसतं. दुसऱ्या महायुद्धातले कोड टॉकर्स मुलांना भारी आवडतात, १९४२ मध्ये पहिल्या २९ डिने जवानांनी स्वतःच्या भाषेतून रचलेला संकेत जपानी सैन्याला कधी फोडता आला नाही, त्याच भाषेसाठी सरकारी शाळांत मुलांना शिक्षा व्हायची. मोठ्या मुलांना युरेनियमचं सांगा. १९४४ ते १९८६ मध्ये तिथून सुमारे ३ कोटी टन खनिज काढलं, ५०० हून जास्त खाणी तशाच टाकून गेले, पाणी नासलं, खाणकामगार आजारी पडले. युरेनियमला डिने शब्द आहे 'लेत्सो', पिवळी माती, आणि तिथली माणसं त्यालाही नायेए म्हणतात. तेरा वर्षांच्या भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं की ही लहान मुलांची गोष्ट नाहीये.

जवळ राहत असाल तर जा. नवाहो नेशनमधल्या कॅन्यन डी शे या दरीच्या दक्षिण कडेने गाडीरस्ता आहे, शेवटी स्पायडर रॉक, साधारण ७५० फुटांचा सुळका, वर कातीणआजी राहते. उनाड पोरांना ती उचलून नेते आणि वरचा पांढरा भाग म्हणजे त्यांची हाडं, असं तिथल्या मुलांना सांगतात, आपला बागुलबुवाच. खाली दरीत उतरायला नवाहो गाइड लागतो आणि घ्याच, कारण तिथे आजही लोकांची शेतं, घरं आहेत. माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, ड्रोन नेऊ नका, दारू तर जवळजवळ अख्ख्या नवाहो नेशनमध्ये बंद आहे. शिपरॉकवर चढायचं नसतं, लांबून बघायचं. उन्हाळ्यात घड्याळ सांभाळा, ॲरिझोना वेळ बदलत नाही पण नवाहो नेशन बदलतं, एक तासाचा फरक पडतो. घोंगडी घ्यायची तर विणणाऱ्या बाईकडूनच घ्या, महाग असते, असायलाच हवी, महिनोन् महिने लागतात. फ्लॅगस्टाफला बर्फात खेळायला आपण सगळे जातो, तो डोंगर म्हणजे नकाशातला पिवळा. तिथल्या स्की रिसॉर्टवर शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा कृत्रिम बर्फ करण्याविरुद्ध नवाहो आणि इतर जमाती कोर्टात लढल्या आणि २००८ मध्ये हरल्या. हे लेकीला सांगितल्यावर तिने घसरगुंडी खेळायला नकार दिला नाही, पण आधी थांबून डोंगराकडे बघितलं आणि 'याअतेह' म्हणाली.

महाराष्ट्रात असाल तर डोंगर फोटोत बघा, उपग्रहाच्या नकाशावर ग्रँट्सचा काळा कातळ शोधा, तो वरून स्पष्ट दिसतो, आणि पूर्वेकडची खिडकी शोधून एक दिवस पहाटे मुलांना तिथे उभं करा.

आमचं ते पुस्तक पहिल्या वर्षी पूर्ण झालं नाही. जानेवारीत नव्याने सुरू केलं होतं, रोज दहा-बारा पानं, मधे सर्दी-खोकला, परीक्षा, आणि मार्चच्या शेवटी एका रात्री बाहेर जोरात गडगडलं. दोन चॅप्टर राहिले होते, सूर्याचं घर समोर दिसत होतं. मी म्हटलं वाचूया का, छापलेलंच आहे. लेकीने पुस्तक मिटलं, आत दोरा खुणेला ठेवला आणि कपाटात ठेवून आली. नोव्हेंबरात पहिली थंडी पडल्यावर तिनेच ते काढलं. तुम्ही मोठं पुस्तक घेणार असाल तर नोव्हेंबरातच सुरू करा.